माधुरीचा डबा मुलुंडलाच राहिला

थांबा, आधी झाकण उघडतो, मग बोलतो. झाकण लावून बोललं की माझाच आवाज आत घुमतो आणि तुम्हाला वाटायचं, शेजारी कुणीतरी कुकर घासतंय.

मी मसाल्याचा डबा बोलतोय. स्टीलचा, गोल, पोटात सात वाट्या. आमच्या कुळात सात वाट्यांना सात मसाले, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. माझ्या पोटात मात्र आजतागायत चिमूटभर हळदसुद्धा गेलेली नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! हसा, हसून घ्या. पण मी रिकामा बसलो नव्हतो हो. मी मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर बसून कॅनडातलं एक अख्खं घर चालवलंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण घाटकोपरच्या भांड्यांच्या दुकानातली. एक बाई आल्या, अंगठ्याने माझा पत्रा दाबून पाहिला, वाट्या उलट्या करून वाजवल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "पत्रा पातळ आहे. भाव कमी करा." माझा अपमान झाला, पण भाव कमी झाला. त्या विमलाबाई. त्यांच्यामागे पिशवी धरून गप्प उभे होते ते त्यांचे यजमान भीमराज. दुकानदाराने मशीन टरटर फिरवून माझ्या झाकणावर नाव घातलं, 'चि. माधुरीस, आई-पप्पांकडून.' गुदगुल्या झाल्या मला. लेकीचं लग्न झालेलं, आता नवऱ्याबरोबर परदेशी निघालेली, आणि मी तिच्याबरोबर विमानाने जाणार! माझ्या शेजारची पातेली जळून खाक झाली.

पुढचं काय सांगू? विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली आणि काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, वजन जास्त आहे. तिथेच फरशीवर बॅग उघडली. एकीकडे मी, दुसरीकडे विमलाबाईंनी कुटून दिलेला काळा मसाला. दोघांपैकी एकच जाणार. भीमराज कधी फारसं बोलायचे नाहीत, पण नेमके तेव्हा बोलले. "डबा काय, तिकडेही मिळेल. आईच्या हातचा मसाला मिळणार नाही."

मसाला उडाला, मसाल्याचा डबा राहिला. परतीच्या रिक्षात मी विमलाबाईंच्या मांडीवर होतो आणि त्या माझ्या झाकणावरून नुसता हात फिरवत होत्या. मला तेव्हापासून चैन नाही. पायाला भिंगरी आणि पायच नाहीत, अशी माझी गत. कुणी बॅग ओढली की माझ्या वाट्या आपोआप किणकिणतात.

विमलाबाईंनी मला वापरलं नाही. "हळदीचा डाग पडला तर पोरगी आल्यावर काय म्हणेल?" असं म्हणून फळीवर ठेवलं. तिथेच पडून राहिलो असतो. पण तिकडे माधुरीचा महिना पुरेना.

फोनवर रडायची बिचारी. "आई, दोघं कमावतो गं, तरी वीस तारखेला खातं रिकामं. काय खाल्लं, काय प्यालं, काही कळत नाही. कार्ड लावायचं, पैसे जातात. दिसतच नाहीत."

"दिसत नाहीत तिथेच घोळ आहे," विमलाबाई म्हणाल्या. भीमराजांचा पगार त्या एक तारखेला जमिनीवर मांडायच्या. भाड्याची रास वेगळी, दुधाची वेगळी, शाळेची वेगळी. डोळ्यांना दिसलं की हात आखडतो, हे त्यांचं शास्त्र. "थांब, मी तुला दाखवते," म्हणत त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि कडधान्याच्या डब्यातला राजमा पुढ्यात ओतला. राजमाच का? तर तो फोनवर नीट दिसतो. राजम्याचा एक दाणा म्हणजे शंभर डॉलर. वरच्या सुट्ट्याला मसूर.

झालं! तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार माझा. इकडे सकाळचा चहा झालेला, तिकडे शनिवारची रात्र. माधुरी आणि किरण, म्हणजे आमचे जावई, सोफ्यावर शाळेतल्या पोरांसारखे बसायचे. "जयभीम आई." "जयभीम. बोल, हातात किती आले?" आकडा आला की तेवढे दाणे आतल्या झाकणात पडायचे आणि मग एकेक वाटी भरायची. मधली भाड्याची. तिच्या पोटाला अंतच नव्हता, अर्धा राजमा तीच गिळायची. मग किराणा, गाडी आणि तिचा विमा, हीटर-फोन. एक आधी कपड्यालत्त्याची, पुढे बाळ झाल्यावर पाळणाघराची. एक वाटी मुंबईची, म्हणजे विमलाबाईंना पाठवायच्या पैशांची. सातवी अडीनडीची.

विमलाबाई हुशार, पण एक खोड भारी. प्रत्येक आकडा साठाने गुणून रुपये करायच्या.

"कोथिंबिरीची जुडी दीडशे रुपयांना? बंद कर कोथिंबीर!"

"आई, रुपयात नाही मोजायचं गं. रुपयात मोजलं तर इथे माणूस उपाशी मरेल."

"आणि केस कापायला दोन हजार? किरणला म्हणावं, वाढव."

किरण हसायचा, आणि पुढच्या महिन्यात खरोखर केस वाढवून बसायचा. बोलणी खायची, पण दोघं ऐकायची. वर्षभरात त्यांचा महिना महिनाअखेरीपर्यंत पोचू लागला. मी फुगलो होतो. विमानाने नाही गेलो, पण तिच्या संसारात होतो ना!

मग भीमराज गेले. झोपेतच. माधुरी बाळंत होऊन जेमतेम महिना झालेला, बाळाचा पासपोर्ट नाही, तिकिटाचा भाव ऐकून डोळे पांढरे व्हायची वेळ. अडीनडीच्या वाटीत होते नव्हते ते दाणे बाळंतपणाने खाल्ले होते. बापाला शेवटचं पाहिलं तिने केतनच्या फोनवर. केतन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचा हात इतका हलत होता की तिला धड दिसलंही नसेल.

त्यानंतरच्या रविवारी विमलाबाईंनी सातवी वाटी पुसली आणि फोनसमोर धरली. "आता ही यायची वाटी. दर महिन्याला दोन दाणे, तीन दाणे, जमतील तेवढे. तिघांचं तिकीट जमलं की यायचं. आणि ऐक, घर जळालं तरी ही वाटी मोडायची नाही. वचन दे मला."

"दिलं, आई."

बाकीच्या वाट्या दर महिन्याला रिकाम्या होऊन पुन्हा भरायच्या. ही एकच नुसती भरत गेली. नातीचं नाव यशोधरा, घरात यशू. आजीने तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. पण फोनवर दिसली की विमलाबाई ती वाटी उचलून हलवायच्या. खळखळ खळखळ! यशू बोलायला लागली तेव्हा आजीलाच खुळखुळ म्हणायची. यंदा नाताळच्या सुट्टीत यायचं, हेही ठरलं. वाटी काठाला आली होती. तिच्या मागोमाग माझाही जीव उडायला लागला. माधुरी येणार म्हणजे परत जाताना मला नेणारच, माझ्यावर नाव कुणाचं आहे!

आता ऐका खरी गंमत. गंमत कसली, डोंबलाची!

जुलैचा महिना. हवा दमट, आणि यायच्या वाटीतल्या दाण्यांना बारीक भोकं पडलेली. तीन वर्षांचा जुना राजमा तो, किडा लागणारच. शनिवारी दुपारी विमलाबाईंनी ती वाटी ताटात ओतली, किडके दाणे बाजूला काढले, त्यांच्या जागी तेवढेच चांगले टाकले आणि ताट खिडकीत वाऱ्याला ठेवून त्या कुर्ल्याला बहिणीकडे गेल्या. घरात रश्मी होती. केतनची बायको, मे महिन्यात लग्न होऊन आलेली. गुणाची मुलगी. संध्याकाळी तिला खिडकीत निवडलेला राजमा दिसला. निवडलेलं कडधान्य दिसल्यावर कुठलीही शहाणी सून काय करेल? तिने भिजत घातला.

मी फळीवरून बघत होतो. किती तडफडलो सांगू! किणकिण किणकिण केलं. तिने वर बघितलं, उंदीर आहे वाटलं तिला, आणि फळीवर लाटणं आपटलं.

रविवारी सकाळी विमलाबाईंनी मला खाली घेतलं, तांब्याला फोन टेकवला आणि हाक मारली, "रश्मी, खिडकीतलं ताट आण गं."

"कुठलं ताट, आई?"

"राजम्याचं."

"तो कुकरमध्ये आहे की. मला वाटलं, तुम्ही आजच्या उसळीसाठी निवडून ठेवलाय."

तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली. तिसरी असावी.

"अगं बाई!" कपाळावर हात मारून त्या ओरडल्या. "पोरीचं तिकीट कुकरला लावलंस गं!"

रश्मीच्या तोंडचं पाणी पळालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई डब्यात काहीतरी भरतात, एवढंच तिने पाहिलेलं. वाटी न मोडायचं वचन केतनकडून ऐकलेलं, पण ती वाटी म्हणजे हाच राजमा, ते बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रडायच्या बेतात, आणि फोन वाजला.

"जयभीम आई. काय झालं गं? चेहरा का असा?"

"काय व्हायचंय! तुझ्या भावजयीने तुमचं तिकीट शिजवलं. असू दे, नवीन दाणे भरते. नीट बघून सांग, आत्तापर्यंत किती जमलेत? खात्यावर बघून सांग, अंदाजे नको."

माधुरी आधी हसली, मोठ्याने. मग हसता हसता थांबली. तिने तोंडावर हात घेतला आणि मला कळलं की आता काहीतरी वाईट येतंय. खरं सांगू, मार्चपासून माझं मन खात होतं. किरण फोनवर दिसेनासा झाला होता. विचारलं की 'ड्युटीवर आहे' म्हणायची. शनिवारी रात्री कसली ड्युटी? पण मी डबा. मला कोण विचारतो!

"आई," माधुरी म्हणाली, "शिजू दे. नको भरूस."

"म्हणजे?"

"नाहीयेत पैसे. एक डॉलर नाही. किरणची नोकरी मार्चमध्येच गेली. यायच्या पैशातनं भाडं भरलं चार महिने. संपले."

विमलाबाईंनी फोन उचलून बंद केला आणि जमिनीवर पालथा घातला.

"चार महिने," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे, बहुतेक मलाच. "चार महिने ही मला जुनाच पगार सांगतेय, आणि मी मेली वाटीत दाणे टाकतेय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढं आईला सांगायचं नाही? मी काय सावकार आहे, माझ्याशी खोटं बोलायला?"

त्यांनी माझा काठ घट्ट आवळला. असं वाटलं, आता उचलून आपटतील मला. आपटलं असतं तरी चाललं असतं. माझ्याच पोटात चार महिने खोटे दाणे पडत होते आणि मी स्वतःला संसारात समजत होतो.

बोलली कोण, तर रश्मी. ओट्यापाशी उभी, डोळे पुसत, पण बोलली. "आई, राग मानू नका. घर जळालं तरी वाटी मोडायची नाही, असं तुम्हीच सांगता ना त्यांना? यांनी सांगितलंय मला. मग घर जळतंय, हे त्या कुणाला सांगणार?"

नव्या सुनेने असं बोलावं! मला वाटलं, आता हिची काही खैर नाही. पण विमलाबाईंनी पदराने तोंड पुसलं, फोन सुलटा केला आणि स्वतः लावला.

"किरणला दे."

"आई, तो..."

"ड्युटीवर नाहीये, माहितीय मला. दे."

किरण समोर आला. केस वाढलेले, आता कुणी न सांगता. मान खाली. "जयभीम, आई."

"जेवलास का?"

एवढंच विचारलं त्यांनी. तो मोठा बाप्या माणूस, बाहीने डोळे पुसायला लागला. बाजूने माधुरी बोलत सुटली. तो संध्याकाळी गाडीतून लोकांची पार्सलं पोचवतो, रोज अर्ज करतो, मुलाखती होतात, पुढे कुणी कळवत नाही. "तुला सांगणारच होते गं. दर महिन्याला ठरवायचे. पण तू ती वाटी हलवायचीस, यशू टाळ्या वाजवायची, आणि मग माझ्याने नाही बोलवायचं."

"बरं," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या उरलेल्या साही वाट्या उपड्या केल्या. खोट्या आकड्याचा सगळा राजमा बाजूला सारला. "आता खरं सांग. हातात किती येतात?"

माधुरीने सांगितलं. आतल्या झाकणात दाणे पडले आणि लगेच थांबले. एरवी झाकणाचा तळ दिसायचा नाही. आज दाण्यांपेक्षा तळच जास्त दिसत होता.

"भाडं?" मधली वाटी भरली आणि झाकणात मूठभरही उरलं नाही. "पाळणाघर?"

"बंद नाही केलं आई. एकदा जागा गेली की वर्षभर मिळत नाही. किरणला काम लागलं तर..."

"अर्धे दिवस पाठवता येतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "विचारलं नाही," किरण म्हणाला.

"विचार. आपण विचारतच नाही कुणाला, हाच आपल्या घराचा रोग आहे." एक दाणा परत झाकणात आला. गाडी ठेवायची, कारण पार्सलं तिच्यावर. हीटरला आत्ता उन्हाळा म्हणून कमी, ऑक्टोबरपासून वाढवायचं. कोथिंबिरीचं नावही निघालं नाही आणि त्या दिवशी विमलाबाईंनी काही म्हणता काही साठाने गुणलं नाही. शेवटी मुंबईच्या वाटीवर आल्या. माधुरीने तीन दाणे सांगितले, दर महिन्यासारखे.

"हे बंद."

"नाही हं आई! ती वाटी तुझी. बाकी काही कर, ती नाही मोडायची."

"माझी ना? मग तिचं काय करायचं ते मी बघेन. तुझ्या पप्पांची पेन्शन येते, केतन कमावतोय, मला काय हत्ती पोसायचेत?" त्यांनी तीन दाणे तळहातावर घेतले. एक किराण्यात टाकला. एक भाड्यात. तिसरा हातातच राहिला. "आणि खोटं बोलायचं नाही. उपाशी राहिलात तर उपाशी म्हणून सांगायचं. मी ओरडेन. माझं तोंडच तसं आहे, त्याला काय करू? ओरडून झालं की मी तुझीच आई असते ना गं?"

दोघी रडल्या मग. मनसोक्त. मलाही रडायचं होतं, पण स्टीलला गंज चढतो म्हणून आवरलं.

कुकर उघडला. रश्मीने घाबरत घाबरत ताटलीत उसळ आणून ठेवली. काळा मसाला घातलेली, विमलाबाईंच्याच हातचा. त्यांनी फोनसमोर घास घेतला आणि चावला.

"बघ, तुझं तिकीट खातेय मी. चांगलं शिजलंय. रश्मी, तू पण बस गं."

मग यशू उठून आली. झोपेने डोळे चिकटलेले, केस विस्कटलेले. आजी दिसल्यावर म्हणाली, "आजी, खुळखुळ कर."

सातवी वाटी रिकामी होती. विमलाबाईंनी ती उचलली, मुठीतला तिसरा दाणा तिच्यात टाकला आणि माधुरीकडे पाहिलं. "हा तरी खरा आहे ना?"

"खरा आहे, आई."

त्यांनी वाटी हलवली. भरलेली वाटी नुसती खळखळायची हो. एकटा दाणा मात्र असा टणटण वाजला की ओट्यापाशी रश्मी दचकली. यशूने दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या. "अजून! अजून कर!"

तर हे असं आहे. यंदा नाताळला कुणी येत नाही. सातव्या वाटीत आता दाणे आहेत, पण इतके थोडे की नुसत्या नजरेत मोजून होतात, आणि सगळे खरे आहेत. विमलाबाईंनी त्यांच्यात कडुलिंबाची पानं टाकलीत आणि रश्मीला सातही वाट्या पाठ करायला लावल्यात. किरणच्या नोकरीचा अजून पत्ता नाही. पहिल्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी फोनसमोर येऊन बसतो.

मी इथेच आहे. फळीवर, झाकणावर परक्या गावी गेलेल्या पोरीचं नाव घेऊन. खालच्या मजल्यावर कुणाची बॅग ओढली जाते, तेव्हा अजून किणकिणतो. तुमच्या ओळखीचं कुणी टोरंटोला निघालं असेल, आणि बॅगेत माझ्यापुरती जागा असेल, तर...

नको. राहू द्या. मला तिनेच येऊन न्यावं.